मँगो राऊटरवर मेश व्हीपीएन, नाटकाच्या दौऱ्यात कोणी चालवलंय का?

तिसरी_घंटा

मंडळी मदत हवीय. मी नाटकाला साउंड बघते, राहते डोंबिवलीला, महिन्याला दहा-बारा प्रयोग, निम्मे मुंबई-ठाण्यात आणि बाकीचे दौऱ्यावर. सगळे क्यू म्हणजे पार्श्वसंगीत, गाड्यांचे हॉर्न, टेलिफोनची रिंग, सतरा प्रकारचे पाऊस, हे घरी रास्पबेरी पाय या बारक्या कॉम्प्युटरला लावलेल्या हार्डडिस्कवर आहे. चालू नाटकाचे क्यू लॅपटॉपवर असतातच पण आमचे दिग्दर्शक प्रयोगाच्या दोन तास आधी येऊन म्हणतात की तो दुसरा पाऊस लाव, तालमीत होता तो. आणि तो पाऊस घरी.

पायवर टेलस्केल (मेश व्हीपीएन, म्हणजे सगळी डिव्हाइस इंटरनेटवरून एका खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर) आहे, माझ्या फोनवर आहे, असिस्टंटच्या लॅपटॉपवर आहे, मस्त चालतं. आता मला तेच माझ्या छोट्या राऊटरवर पाहिजे. जीएल आयनेटचा मँगो, तो पिवळा डबा, आमच्या ग्रुपमध्ये सगळे त्याला हापूस म्हणतात. ५८० मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण). त्याच्या मेन्यूत टेलस्केल नाहीये. ओपीकेजी या पॅकेज टाकायच्या कमांडने टाकायला गेले तर म्हणतो जागा नाही. मग टेलस्केलच्या साइटवरून मिप्सची फाईल उतरवली, टेम्प फोल्डरमध्ये टाकून चालवली तर "सिंटॅक्स एरर अनएक्स्पेक्टेड" असं काहीतरी येतंय. सोमवारी दौरा निघतोय. कोणी केलंय का हे?

कल्याण_स्लो

दादा आधी एक सांग, राऊटरवर कशाला पाहिजे? लॅपटॉपवरच टाक ना टेलस्केल, पाच मिनिटांचं काम. राऊटर राऊटरचं काम करू दे.

तिसरी_घंटा

दादा नाही, ताई 🙂

प्लेबॅकचा लॅपटॉप निर्मात्यांचा आहे, विंडोज ७, आणि टेलस्केलने विंडोज ७चा सपोर्ट कधीच काढलाय. त्याला काही नवीन लावायचं नाही, अपडेट द्यायचा नाही असा आमच्याकडे नियमच आहे कारण तो गेली सहा वर्षं एकदाही प्रयोगात अडकलेला नाही, त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी आहे. शिवाय डिजिटल मिक्सर आहे, तो टॅबवरून वायफायने चालवते, प्रेक्षागृहात मागे बसून ऐकत लेव्हल करायच्या असतात म्हणून राऊटर तसाही लागतोच. त्या मिक्सरमध्ये तर व्हीपीएन टाकायची सोयच नाही. म्हणून म्हटलं राऊटरच मेशमध्ये गेला की त्याच्यामागचं सगळं आपोआप दिसेल.

परळचे_काका

अगं पोरी, सगळे पाऊस एका पेनड्राइव्हवर घाल आणि पर्समध्ये टाक. आम्ही स्पूलच्या टेपवर प्रयोग केलेत, ब्लेडने कापून चिकटवायचो.

तिसरी_घंटा

काका नमस्कार 🙏 ४०० जीबी आहे हो सगळं मिळून, आणि नवीन मिक्स रोज होत असतात घरी.

पॅच_कॉर्ड

सिंटॅक्स एररचं आधी सांगतो. तू मिप्सची घेतलीस, तुला मिप्स-एलई पाहिजे. मँगोमधली मीडियाटेकची ७६२८ चिप लिटल एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा शेवटचा बाइट आधी ठेवते. त्याच कंपनीच्या एआर-३००-एम वगैरेमध्ये क्वालकॉमची चिप असते, ती बिग एंडियन, म्हणजे उलट. चुकीची फाईल दिली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) तिला ओळखत नाही, मग शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) ती स्क्रिप्ट समजून वाचायला जातं आणि बायनरी कचऱ्यात त्याला कंस सापडला की सिंटॅक्स एरर. फाईल बिघडलेली नाहीये, नावात दोन अक्षरं कमी पडलीत.

आता खरं दुखणं. टेलस्केल गो भाषेत लिहिलेलं आहे, त्यामुळे सगळी लायब्ररी पोटात घेऊनच येतं. टेलस्केल आणि टेलस्केल-डी अशा दोन फाईली, दोन्ही मिळून तुझ्या फ्लॅशच्या दुपटीच्या वर जातात, आणि त्या १६ एमबीत फर्मवेअर (राऊटरची स्वतःची सिस्टिम) आधीच बसलेलं आहे, डीएफ ही कमांड मारून बघ, हाताशी दोन-तीन एमबी असेल नसेल. टेम्पमध्ये टाकलंस तर ती जागा फ्लॅशची नाही, रॅमची असते. म्हणजे १२८ मधून आधी बायनरीची (प्रोग्रामच्या फाईलची) जागा गेली, मग ती चालायला लागली की पुन्हा तिची रॅम. आणि बंद केला की सगळं पुसलं.

यावर लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे दोन्ही फाईली एकत्र करून, डीबगची माहिती काढून स्वतः बिल्ड करायची, टेलस्केलने छोट्या डिव्हाइससाठी तसं करायची रीत दिलेलीच आहे, बिल्ड करताना सॉफ्टफ्लोट (दशांशाचं गणित सॉफ्टवेअरने करणं) लक्षात ठेव कारण या प्रोसेसरला दशांशाचं हार्डवेअर नाही. दुसरं म्हणजे वरून यूपीएक्स या कॉम्प्रेस करायच्या टूलने दाबायची. यूपीएक्सने फाईल लहान दिसते खरी पण चालताना ती अख्खी रॅममध्ये उलगडते आणि तिथेच ठाण मांडून बसते. म्हणजे फ्लॅश वाचवायला रॅम घालवली, आणि तुझ्याकडे दोन्ही नाही.

मी असतो तर पेनड्राइव्ह ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून मँगोच्या यूएसबीला लावला असता आणि न दाबलेली बायनरी तिथून चालवली असती. साधी फाईल डिस्कवरून चालते तेव्हा रॅम कमी पडली तर कर्नल तिची न लागणारी पानं सोडून देतो आणि लागली की परत वाचतो, यूपीएक्समध्ये ही सोय जाते. वर थोडी स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) पण पेनड्राइव्हवर ठेव, आणि गोजीसी नावाचं व्हेरिएबल १० कर, मूळ १०० असतं, म्हणजे गो आपला कचरा जास्त वेळा उचलेल. सीपीयू जास्त जाईल पण रॅम हातात राहील.

बाईट_बाय_बाईट

पॅचकॉर्डने सांगितलेलं सगळं बरोबर आहे आणि तरी करू नकोस. मँगोला यूएसबी पोर्ट एकच आहे. तो पेनड्राइव्हने अडवला तर दौऱ्यावर नेट कशावरून घेणार? फोन यूएसबी टेदर करता (फोनचं नेट वायरने राऊटरला देता) येणार नाही, सिमचा डोंगल पण लावता येणार नाही. हब लावशील तर तो डबा चालतो ५ व्होल्ट १ अँपिअरच्या चार्जरवर, त्यात हब, पेनड्राइव्ह आणि डोंगल तिघांनी हात घातला की मधेच रिस्टार्ट मारतो. वायफाय रिपीटर करशील तर रेडिओ एकच, २.४ गिगाहर्ट्झचा, त्यानेच थिएटरचं वायफाय ऐकायचं आणि त्यानेच तुझ्या टॅबला बोलायचं, स्पीड निम्मा. आणि २.४ वर प्रेक्षागृहात आठशे लोकांचे फोन आले की तुझा मिक्सर आधीच रडत असेल.

झीरोटिअर (टेलस्केलसारखंच दुसरं मेश) बघितलंस का? ते सी प्लस प्लसमध्ये आहे, पॅकेज बरंच लहान, या डब्यात मावतं. पण पाय, फोन सगळीकडे पुन्हा वेगळं नेटवर्क उभारावं लागेल. वेगाच्या बाबतीतही फार आशा नको, तेही कर्नलच्या बाहेरच चालतं.

तिसरी_घंटा

काल रात्री पॅचकॉर्ड म्हणतो तसं करून बघितलं. मिप्स-एलई चाललं!! टेलस्केलच्या कन्सोलमध्ये हापूस हिरवा दिसला, मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. राऊट ऍडव्हर्टाइज केला (म्हणजे हापूसच्या मागचं नेटवर्क मेशला जाहीर केलं), मंजूर केला, टॅबवरून पायची हार्डडिस्क उघडली.

आणि मग फोल्डर कॉपीला लावला. सुरुवातीला पाच-सहा एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट), लोड ऍव्हरेज (प्रोसेसरवरचा ताण) ३ च्या वर, राऊटरचं पान उघडायला अर्धा मिनिट. १०० एमबीच्या आसपास गेल्यावर सगळं ठप्प. लॉगमध्ये ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की एखादा प्रोग्राम मारून टाकणारा. त्याने आधी टेलस्केल मारलं ते समजू शकते, पण पुढच्या वेळी त्याने वायफायची सर्व्हिस मारली. म्हणजे मिक्सर पण गेला. हे प्रयोगात झालं असतं तर मी विंगेतूनच पळून गेले असते.

बाईट म्हणतात ते पण खरं निघालं, फोन टेदर करायला पोर्टच उरला नाही.

पॅच_कॉर्ड

वायफाय मारलं हे वाईट. सॉरी. स्वॅप चालू होती ना नक्की?

तिसरी_घंटा

होती हो दादा, पण पेनड्राइव्ह कंपनीच्या दिवाळीत मिळालेला आहे, त्याचा स्पीड म्हणजे बेस्टची बस दादर टीटीला.

कल्याण_स्लो

ताई, मी आधी राऊटरवर नको म्हटलं ते अर्धवट होतं, आता नीट सांगतो. तुझ्या हापूसला मेश झेपत नाही पण वायरगार्ड (दोन टोकं जोडणारं साधं व्हीपीएन) झेपतं. दोन्हीत फरक हा की टेलस्केल पण आतून वायरगार्डच आहे, पण त्याची स्वतःची प्रत गोमध्ये, कर्नलच्या बाहेर. प्रत्येक पॅकेट कर्नलमधून वर, तिथे एन्क्रिप्ट, परत खाली. ५८० मेगाहर्ट्झच्या एका कोअरला हे हमालीचं काम. साधं वायरगार्ड मात्र लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, आणि तुझ्या फर्मवेअरच्या मेन्यूत ते आधीच दिलेलं आहे. काही इन्स्टॉल करायचं नाही. त्याची चाचा२० एन्क्रिप्शन अशा गरीब प्रोसेसरवर पण बरी पळते कारण तिला एईएस एन्क्रिप्शनसारखं खास हार्डवेअर लागत नाही. माझ्याकडच्या मँगोवर ३० एमबीपीएसच्या आसपास जातो.

तुझं गणित कर. स्टिरिओ वेव्ह फाईल मिनिटाला साधारण १० एमबी. चाळीस मिनिटांचे क्यू म्हणजे ४०० एमबी. सहा एमबीपीएसने नऊ मिनिटं, तीसने दोन मिनिटांच्या आत. दुसरी घंटा आणि तिसरी घंटा यांच्यात होईल.

आता अडचण एवढीच की वायरगार्डला एक टोक तरी पब्लिक आयपीवर (इंटरनेटवरून थेट गाठता येणाऱ्या पत्त्यावर) लागतं. घरच्या राऊटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघ, १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होतोय का? बिल्डिंगमधल्या केबलवाल्याचं फायबर असेल तर तसाच असणार. तो सीजीनॅट, अख्ख्या गल्लीला मिळून एक पब्लिक आयपी, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं घरातल्या डिव्हाइसकडे वळवणं) विसर. आणि गंमत म्हणजे टेलस्केल पण आपले आयपी त्याच पट्ट्यातले देतं.

तर मुंबईतला एक बारका व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घे, सगळ्यात छोटा. त्यावर टेलस्केल पण लाव आणि कर्नलचं वायरगार्ड पण. हापूस फक्त वायरगार्डने व्हीपीएसला चिकटेल, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद, म्हणजे तेवढ्या वेळाने एक पॅकेट पाठवून जोडणी जागी ठेवायची. व्हीपीएस हापूसच्या मागचं नेटवर्क टेलस्केलला ऍडव्हर्टाइज करेल. मेशची सगळी अक्कल व्हीपीएसवर, हापूसने फक्त एकच दोरी धरायची. हापूसच्या अलाउड आयपीमध्ये (कुठल्या पत्त्यांचं ट्रॅफिक व्हीपीएनमधून न्यायचं त्या यादीत) वायरगार्डचा पट्टा आणि १००.६४.०.०/१० एवढंच घाल. व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग (एकीकडून आलेलं पॅकेट दुसरीकडे देणं) चालू कर. पायवर ऍक्सेप्ट राऊट्स (दुसऱ्याने जाहीर केलेले राऊट मानायचे) द्यायला विसरू नकोस, फोनवर आणि विंडोजवर ते आपोआप असतं, लिनक्सवर नसतं, मग तासभर डोकं खाजवत बसशील की जाणारं जातंय आणि येणारं येत का नाही.

परळचे_काका

हे व्हीपीएन वगैरे कायद्यात बसतं ना रे? मध्ये पेपरात काहीतरी आलं होतं.

बाईट_बाय_बाईट

बसतं काका. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश आला होता, पण तो व्हीपीएन आणि व्हीपीएस विकणाऱ्यांसाठी, ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवा म्हणून. म्हणजे व्हीपीएसवाला ताईचं नाव-पत्ता ठेवेल. आपल्या घरची डिस्क आपण बघायला कोणाची हरकत नाही.

ताई अजून एक, हापूसचा लॅन (आतलं नेटवर्क) आत्ता १९२.१६८.८ वर असेल, तो कारखान्यातूनच तसा येतो. हुआवेच्या बऱ्याच डोंगलचा पण नेमका तोच असतो. डोंगल लावला की दोन्हीकडे तोच नंबर, राऊटरला कळत नाही घर कुठलं आणि दार कुठलं. तसंच घरचं १९२.१६८.१ आणि लॉजचं पण १९२.१६८.१. काहीतरी विचित्र नंबर घे, १०.७३.४१ वगैरे, जो कोणी लॉजवाला ठेवणार नाही.

तिसरी_घंटा

घेतला व्हीपीएस. कल्याणस्लो तुमचे पाय कुठे आहेत. घरून टेस्ट केलं, २८ एमबीपीएस, लोड एकच्या खाली, वायफाय जागेवर. छोट्या फाईली लगेच जात होत्या आणि मोठी फाईल शून्य टक्क्यावर अडकत होती, मग वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) १२८० केला (टेलस्केलचा तेवढाच असतो म्हणे) आणि पाणी वाहावं तसं वाहायला लागलं. लॅनचा नंबर बदलला. उद्या दुपारी चारचा प्रयोग, परवा बस कुडाळला.

तिसरी_घंटा

मंडळी घोळ झाला. नाट्यगृहाचं नाव घेत नाही. सेट लागत असताना कोणीतरी माझ्या बोर्डावरचा प्लग काढून चहाची किटली लावली. परत लावला, राऊटर आला, वायफाय आलं, मिक्सर आला, पण वायरगार्ड काही केल्या जोडत नाही. हँडशेक (जोडणीची पहिली विचारणा) जातोय, उत्तर शून्य. वर नेटच बंद. फोनवरून व्हीपीएसला जाऊन बघितलं तर तो मजेत. कंटाळून व्हीपीएसवरचं वायरगार्ड रिस्टार्ट केलं तर लगेच जोडलं! म्हणजे व्हीपीएसच भिकार आहे का? रात्री लॉजवर परत चालू केला तर पुन्हा तेच.

पॅच_कॉर्ड

व्हीपीएस भिकार नाही. हापूसच्या लॉगमध्ये तारीख कुठली आहे बघ.

तिसरी_घंटा

अय्या. चार दिवसांपूर्वीची.

पॅच_कॉर्ड

तेच. या डब्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ विसरतो, आणि चालू होताना ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरची सिस्टिम, एक जुगाड करतं, ईटीसी फोल्डरमधली सगळ्यात ताजी फाईल बघायची आणि तीच वेळ धरायची. तू शेवटची सेटिंग चार दिवसांपूर्वी बदललीस, म्हणून त्याच्या मते आज तोच दिवस.

आता वायरगार्डचा हँडशेक वेळेचा शिक्का घेऊन जातो. कोणी जुनं पॅकेट पकडून परत पाठवू नये म्हणून समोरचा प्रत्येक पीअरचा (जोडलेल्या डिव्हाइसचा) शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याच्याहून जुना आला की न बोलता फेकून देतो. एरर पण देत नाही. व्हीपीएसने परवाचा शिक्का पाहिलाय, तू चार दिवस जुना घेऊन दारात उभी. रिस्टार्ट केल्यावर तो शेवटचा शिक्का विसरला म्हणून घेतलं आत.

पण साधारणपणे राऊटर नेट मिळाल्याबरोबर एनटीपीने (नेटवरच्या सर्व्हरला विचारून) वेळ दुरुस्त करतो, मग तुझं का नाही झालं? तू अलाउड आयपीमध्ये सगळं नेट टाकलंस का? आणि व्हीपीएन नसेल तर ट्रॅफिक अडव हे बटण चालू केलंस का?

तिसरी_घंटा

दोन्ही 🙈 लॉजच्या वायफायची भीती वाटली म्हणून.

पॅच_कॉर्ड

झालं तर. वेळ विचारायला बाहेर जायला व्हीपीएन पाहिजे आणि व्हीपीएन लागायला वेळ बरोबर पाहिजे. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. ते बटण बंद कर, अलाउड आयपी कल्याणने सांगितले तेवढेच ठेव. लॉजचं लॉगिन पान पण मग नीट उघडेल, तेही याच बटणाने अडतं.

कल्याण_स्लो

मी एवढंच घाल म्हटलं होतं 😐

तिसरी_घंटा

चुकलं. बदललं. आत्ता तीन वेळा प्लग काढून लावून बघितला, अर्ध्या-पाऊण मिनिटात आपोआप जोडतोय. प्लगवर गॅफर टेप मारून वर मार्करने "काढल्यास शाप लागेल" लिहिलंय.

तिसरी_घंटा

कुडाळहून लिहितेय, प्रयोग झाला. सहा वाजता सर आले, दुसरा पाऊस पाहिजे म्हणाले. फोन टेदर करून हापूसला लावला, घरच्या डिस्कवरून फाईल उतरवली, ६० एमबी, थिएटरच्या आत रेंज दोनच कांड्या होती म्हणून दीड-दोन मिनिटं लागली, विंडोज ७ला हात न लावता शेअर्ड फोल्डरमधून क्यूला लावली. सरांनी ऐकला. म्हणाले, पहिलाच बरा होता.

परळचे_काका

दिग्दर्शक कुठल्याही काळात सारखेच. तो दिवाळीचा पेनड्राइव्ह काय केलास?

तिसरी_घंटा

सतराच्या सतरा पाऊस त्यावर टाकून पर्समध्ये ठेवलाय काका.